एका घरातील दोन वाटा
(कागल परिसरातील श्रद्धा-अश्रद्धेचा थोडासा इतिहास)

यंदाच्या स्मरणिकेसाठी कागलच्या इतिहासावर काही लिहून द्यावे, अशी चिटणीसांची सूचना आम्हांस आषाढ लागतानाच मिळाली होती. घाटगे घराण्याची थोरली पाती, धाकटी पाती, जहागिरीची गावे व तेथील आपल्या ज्ञातीची जुनी घरे, यांवर नेहमीच्या रिवाजाप्रमाणे चार पाने लिहावीत असे मनात होते. परंतु श्री संत नामदेव महाराजांच्या पुण्यतिथीच्या आदल्या आठवड्यात कार्यकारी मंडळाची जी सभा झाली, तिने आमचा विचार पालटला.

आपल्या ज्ञातीतील एक वयोवृद्ध सभासद यंदा निवर्तले. त्यांच्या इच्छेप्रमाणे मुलांनी त्यांचा देह कोल्हापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयास दिला. दहावे, बारावे, तेरावे यांपैकी काहीही केले नाही. मृताच्या घरी समाजातर्फे दुखवट्याचे वस्त्र घेऊन जाण्याची आपली परिपाठी सर्वांस ठाऊकच आहे. प्रश्न असा निघाला की, जिथे दिवसकार्यच झाले नाही, तिथे वस्त्र कोणत्या दिवशी न्यावयाचे? आणि मुळात न्यावयाचे काय? एक गृहस्थ म्हणाले, ज्यांनी विधी सोडला त्यांनी समाज सोडला. दुसऱ्यांनी सांगितले की, त्या घरचा मुलगा आपल्या पुण्यतिथीच्या दिंडीस तमाशा म्हणतो. तिसऱ्यांनी विषय पुढील सभेवर ढकलण्याची सूचना मांडली, व ती मंजूर झाली.

आम्ही त्या सभेस हजर होतो आणि गप्प बसलो. मते होती, पण भीड आडवी आली. हा लेख त्या भिडेची उशिरा केलेली फेड समजावी. आम्ही स्वतः कार्तिकीचे वारकरी आहोत, हेही आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे आम्ही कोणाच्या बाजूचे वकील म्हणून उभे आहोत असा गैरसमज होणार नाही.

कागलच्या माणसास धर्माच्या बाबतीत उदारपणा शिकवावयास बाहेरून कोणी येण्याची गरज नाही, असे आपण अभिमानाने म्हणतो. ते बऱ्याच अंशी खरेही आहे. गावाचे दैवत कोणते असे विचारले तर हिंदू म्हणेल गहिनीनाथ, मुसलमान म्हणेल गैबी पीर. दोघे बोट दाखवतील ते मात्र एकाच स्थानाकडे. उरुसात गलेफ चढतो, मलिदा वाटला जातो, आणि नवस फेडणाऱ्यांच्या रांगेत कोणाच्या कपाळी कुंकू आहे व कोणाच्या डोक्यावर गोल टोपी आहे याकडे कोणी पाहत नाही. दूधगंगेच्या या काठावर मोहरमचे पंजे हिंदूंच्या खांद्यावरून गेले आहेत. थोडे पूर्वेस गेले की कुरुंदवाडास गणेशोत्सवातला गणपती मशिदीत बसतो, हे आता सर्वश्रुत आहे.

पण या उदारपणाची एक मर्यादा आमच्या फार उशिरा ध्यानात आली. दुसऱ्याच्या देवास आपल्या देवाशेजारी पाट मांडणे आपल्याला सोपे जाते. एक देव अधिक झाल्याने कोणाचे काय बिघडते? खरी परीक्षा लागते ती ‘मला पाट मांडावयाचाच नाही’ असे म्हणणारा माणूस आपल्याच घरात निघाला म्हणजे. परका मुसलमान अथवा ख्रिस्ती आपण सहज मानतो. आपल्या पोटचा मुलगा नमस्कारास वाकला नाही तर मात्र आपला जीव कासावीस होतो.

वस्तुतः देव न मानणारा शेजारी ही या मुलखात नवी गोष्ट नव्हे. कागलच्या पेठेत जैन घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. जैन तीर्थंकरांस भजतो, उपवास करतो, परंतु जग निर्माण करणारा ईश्वर त्याच्या तत्त्वज्ञानात नाही. जुन्या शास्त्रकारांनी वेद न मानणाऱ्या जैनांस व बौद्धांस नास्तिकांतच गणले होते. असे असूनही आमच्या वाडवडिलांनी जैन व्यापाऱ्याकडून कापडाचे तागे उधारीवर घेताना, ‘जगाचा कर्ता कोण?’ असा प्रश्न कधी केला नाही. गज बरोबर आहे ना, एवढेच पाहिले.

आपल्या ज्ञातीचे आराध्य जे नामदेवराय, त्यांच्याच चरित्रात या विषयाचे बीज आहे. औंढ्या नागनाथास विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजले होते व नामदेवांनी त्यांस दटावले, ही आख्यायिका प्रत्येक शिंपी घरातील मुलास पाठ असते. जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव, असे त्या वृद्धाने सांगितले, आणि नामदेवांस तशी जागा सापडेना. आपण ही कथा देव सर्वत्र आहे हे सांगण्यासाठी सांगतो, ते योग्यच आहे. परंतु तिची दुसरी बाजू सहसा कोणी सांगत नाही. पिंडीवर पाय ठेवणाऱ्या माणसाशी नामदेव बोलले. त्यास हुसकावून लावले नाही, लोक गोळा केले नाहीत. आणि अखेर त्यालाच गुरू केले. त्या दिवशी नामदेवांनी रागाच्या भरात पाठ फिरवली असती तर पुढे पंजाबापर्यंत गेलेला नामदेव आपणांस मिळाला असता की नाही, कोण जाणे. ज्यांची ६१ पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत, त्या पुरुषाची ज्ञाती दिवसकार्यावरून एका घराशी व्यवहार तोडावा काय यावर सभा घेते, याचे त्या रात्री आम्हांस वाईट वाटले.

असो. आता ज्या काळाचा इतिहास सांगण्यासाठी हा लेख घेतला, त्याकडे वळू.

कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव, २६ जून १८७४ रोजी जन्मलेले, १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू छत्रपती झाले. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. महाराज श्रद्धाळू होते. कार्तिकात पंचगंगेवर स्नानास जाण्याचा त्यांचा नेम होता, आणि १८९९ मध्ये तिथेच वेदोक्त प्रकरणाचा उगम झाला. स्नानाच्या वेळी पुरोहित वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणत आहे हे उघड झाले, आणि राजाला वेदमंत्रांचा अधिकार नाही असे त्याच्याच पुरोहिताने सांगितले. पुढे १९०२ मध्ये राजोपाध्यांचे वतन दरबारने खालसा केले. हा सारा वृत्तान्त अनेकांनी लिहिला आहे, म्हणून आम्ही विस्तार करीत नाही. एक बारीक गोष्ट मात्र नोंदवण्यासारखी आहे. राजोपाध्ये यांनी आपले शास्त्रमत बदलावे, अशी सक्ती दरबार करू शकत नव्हता. ज्या सेवेसाठी वतन दिले ती सेवा होत नाही, म्हणून वतन काढून घेतले, इतकेच दरबारच्या हाती होते. मनुष्याचे मत एक आणि मनुष्याची नेमणूक एक. हा फरक आम्हांला स्वतःला फार उशिरा समजला, ते पुढे येईलच.

वेदोक्ताचा आग्रह धरणाऱ्या याच राजाच्या राजधानीत, वेदांचे प्रामाण्य व पुरोहिताची मध्यस्थी दोन्ही नाकारणाऱ्या मंडळींनी ११ जानेवारी १९११ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना केली. अध्यक्ष झाले भास्करराव जाधव, जे दरबारचे वरिष्ठ अधिकारी होते. उपाध्यक्ष झाले अण्णासाहेब लठ्ठे, जे जैन होते. मराठा अध्यक्ष, जैन उपाध्यक्ष आणि पाठीराखा वेदोक्तवादी राजा! ज्यांस सर्वांनी एका सुरात बोलावे असे वाटते त्यांनी या मंडळाकडे एकदा पाहावे. भास्कररावांनी ‘घरचा पुरोहित’ हे पुस्तक लिहून, आपले संस्कार आपणच करावेत असा प्रचार केला. महाराजांचा ओढा पुढे आर्य समाजाकडे वळला. १९१८ मध्ये कोल्हापुरात आर्य समाज आला आणि १९१९ मध्ये राजाराम कॉलेजच त्यांच्या हाती सोपवण्यात आले. आपण सत्यशोधक नव्हे, हे महाराज उघडपणे सांगत, आणि तरी सत्यशोधकांच्या कार्यास साह्य करीत. १९२० मध्ये त्यांनी क्षात्रजगद्गुरूंचे पीठ निर्माण केले, तेव्हा काही सत्यशोधकांस ते मुळीच रुचले नाही. मधला मनुष्य काढून टाकण्यासाठी झगडलो आणि आता आपल्यातलाच मधला मनुष्य नेमावयाचा काय, हा त्यांचा आक्षेप होता. आमच्या मते त्यात तथ्य होते. पण राजाच्या कृतीवर राजाच्याच आश्रयाने वाढलेल्या लोकांनी टीका करावी आणि राजाने ती सोसावी, हे त्या काळच्या संस्थानी मुलखात काही थोडे नव्हे.

त्याच वर्षांतील वसतिगृहांची यादी पाहिली म्हणजे महाराजांची रीत अधिक स्पष्ट होते. १९०१ मध्ये मराठा व जैन विद्यार्थ्यांची, १९०६ मध्ये मुसलमान विद्यार्थ्यांची, १९०८ मध्ये आपले श्री नामदेव बोर्डिंग, १९१५ मध्ये ख्रिस्ती विद्यार्थ्यांचे. मुस्लिम शिक्षणसंस्थेचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतले होते आणि कुराणाचे मराठी भाषांतर करविण्याचे कामही हाती घेतले होते. जातवार बोर्डिंगे काढल्याने जाती घट्ट झाल्या अशी टीका होते. ती अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु खेड्यातला मुलगा शहरात राहून शिकला, आणि शिकल्यावर त्याने काय मानावे हे बोर्डिंगने ठरवले नाही, हेही तितकेच खरे. याचा पुरावा आमच्या घरातच आहे.

आमच्या आजोबांस एक थोरले बंधू होते. आम्ही मुले त्यांस थोरले आजोबा म्हणत असू. आमचे आजोबा त्यांस दादा म्हणत. हे थोरले आजोबा मुलगेपणी दोन वर्षे नामदेव बोर्डिंगात राहिले. गेले ते गळ्यात तुळशीची माळ घालून आणि परत आले ते सत्यशोधक होऊन. सत्यशोधकांचा निर्मिक तरी ते मानीत. पुढे पुढे तोही त्यांच्या बोलण्यातून नाहीसा झाला. आमचे आजोबा मात्र आषाढी-कार्तिकी न चुकवणारे वारकरी. दोघांचे दुकान एक, चूल एक, शिलाई यंत्रे दोन. एका यंत्रावर बसून आजोबा हरिपाठ पुटपुटत, दुसऱ्यावर थोरले आजोबा मान खाली घालून काजे करीत. पित्याच्या श्राद्धाच्या दिवशी थोरले आजोबा दुकानात बसून राहत व पाने वाढली की जेवावयास येत. त्यांनी कधी कोणाची टिंगल केलेली आमच्या आठवणीत नाही. टिंगल म्हणजे मत नव्हे, असे ते म्हणत.

महात्मा फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यास सत्यशोधक समाज स्थापिला. त्यांचे ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांच्या निधनानंतर, १८९१ मध्ये, प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी एक कुटुंब कल्पिले आहे. पत्नीने बुद्धाचा मार्ग घ्यावा, पतीने ख्रिस्ताचा, कन्येने महंमदाचा, पुत्राने सार्वजनिक सत्यधर्माचा. आणि कोणी कोणाचा द्वेष न करता सर्वांनी एका घरात नांदावे. हे पुस्तक थोरल्या आजोबांच्या यंत्राच्या खणात असे. आमच्या घरी चार धर्म नव्हते. पण एक मानणारा व एक न मानणारा, ही जोडी चाळीस वर्षांहून अधिक काळ एका ताटात जेवली.

आजोबांस साठीनंतर मोतीबिंदू झाला व पोथी वाचणे बंद पडले. श्रावणात महिपतीबुवांचा ‘भक्तिविजय’ घरी लागत असे. तो कोणी वाचावा? आमचे वडील दिवसभर दुकानात थकून जात, आणि त्यांचे वाचन अडखळत असे. तेव्हा थोरले आजोबा एका संध्याकाळी हात धुऊन पाटावर येऊन बसले आणि त्यांनी पोथी उघडली. पुढे दर श्रावणात तेच वाचीत. उच्चार स्वच्छ, यतिभंग नाही. अध्याय संपला की पोथीस नमस्कार करावयाचा असतो. तो ते करीत नसत, पोथी बंद करून उठत. आजोबा जागेवरूनच हात जोडीत आणि म्हणत, “दादाचा नमस्कारही माझ्यातच धरावा, पांडुरंगा.” थोरले आजोबा ते ऐकत आणि काही न बोलता चिमणी कमी करावयास जात.

१९६९ च्या माघात थोरले आजोबा वारले. आम्ही तेव्हा मराठी चौथीत होतो. मरणापूर्वी त्यांनी धाकट्या भावाकडून वचन घेतले होते : भटजी नको, पिंड नको, कावळ्याची वाट पाहणे नको. त्या खर्चाची रक्कम बोर्डिंगातील मुलांच्या पुस्तकांस द्यावी. त्यांस स्वतःचा मुलगा नव्हता. जे करावयाचे ते आमच्या आजोबांनी.

आज आम्हांस वाटते की, त्या दहा दिवसांत आजोबांवर जे ओझे होते त्याची कल्पना न मानणाऱ्यास येणारच नाही. क्रिया न केल्यास दादाच्या जीवास गती मिळणार नाही, अशी त्यांची मनोमन समजूत होती. ती काही लोकांस दाखवण्यापुरती नव्हती. एका पारड्यात भावाचा परलोक, दुसऱ्यात भावाला दिलेला शब्द. रात्री ते अंथरुणावर उठून बसलेले आम्ही पाहिले आहेत. ज्ञातीतील वडीलधारी मंडळी येऊन सांगून गेली की, दहावे झाले नाही तर या घरचे पाणी आम्ही घेणार नाही. त्यांतल्या एकांनी मधला मार्ग सुचवला : मेलेल्यास काय कळते आहे, गुपचूप नदीवर जाऊन पिंड ठेवून या. तेव्हा आजोबा जे बोलले ते आमच्या वडिलांनी आम्हांस अनेकदा सांगितले. “विठ्ठल माझा आहे, त्याची समजूत मी काढीन. दादाची समजूत आता कोणास काढता येणार?”

दहावे झाले नाही. आजोबांनी स्वतः मात्र दहा दिवस सुतक पाळले, एकभुक्त राहिले आणि दिवा जळत ठेवला; आपल्या खोलीत, दादाच्या नव्हे. वर्षभर ज्ञातीतील सहा-सात घरे आमच्याकडे जेवावयास आली नाहीत. पुढे एका लग्नात पंगतीची माणसे कमी पडली, आणि तो बहिष्कार आपोआप मोडला. त्या आषाढीस आजोबा एकटेच पंढरपुरास गेले. दादाबद्दल तिथे त्यांनी काय मागितले ते त्यांनी कोणास सांगितले नाही.

अशा घरात वाढलेल्या माणसाकडून पुढे जे घडले ते सांगताना संकोच वाटतो. तरीही सांगणे प्राप्त आहे, कारण घरची शिकवण रक्तात आपोआप उतरत नाही.

त्याआधी माणगावची आठवण करून देणे आवश्यक आहे. २१ व २२ मार्च १९२० रोजी त्या वेळच्या कागल जहागिरीतील माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद भरली, डॉ. आंबेडकर तिचे अध्यक्ष होते, आणि शाहू महाराजांनी तिथे येऊन, तुम्हांस तुमचा पुढारी लाभला आहे असे सांगितले. माणगाव आज हातकणंगले तालुक्यात मोडते. त्या पुढाऱ्याने १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास बौद्ध धर्म स्वीकारला आणि अनुयायांस बावीस प्रतिज्ञा दिल्या. जुन्या देवतांची उपासना करणार नाही, हे त्यांत स्पष्ट शब्दांत आहे. आमच्या तालुक्यातील अनेक घरांनी त्या प्रतिज्ञा घेतल्या. हा इतिहास आम्हांस माहीत होता, आणि वर्गात शिकवलाही होता.

१९९१ मधील दसऱ्याच्या आदल्या दिवशी, ज्या शाळेत आम्ही नोकरीस होतो तिथे पाटीपूजन होते. मुले ओळीने येऊन सरस्वतीच्या चित्रास हात जोडीत होती. पाचवीतला एक मुलगा आला, थांबला, आणि हात न जोडता पुढे गेला. आम्ही त्यास परत बोलावले. तो पुन्हा तसाच उभा राहिला. आम्ही त्याच्या तळहातावर छडी मारली. मुलगा रडला नाही. दुसऱ्या दिवशी सुट्टी असताना त्याचे वडील आमच्या घरी आले. ते विटांच्या भट्टीवर कामास जात. आम्ही त्यांस खुर्ची दिली. ते उभेच राहिले. म्हणाले, “गुरुजी, पाढे आले नाहीत तर त्याला मारा, मी विचारायला येणार नाही. हात जोडले नाहीत म्हणून मारू नका. आमच्या घरी शपथ आहे.” एवढे बोलून ते गेले. रागाने बोलले असते तर आम्हांसही चार शब्द सुचले असते.

त्या रात्री आम्हांस थोरले आजोबा आठवले, नमस्कार न करता पोथी मिटणारे. त्यांस कोणी छडी मारली असती तर? पुढे एका प्रशिक्षण वर्गात भारतीय संविधानाचे पुस्तक हाती आले. २६ जानेवारी १९५० पासून अमलात असलेल्या त्या ग्रंथाच्या २५ व्या अनुच्छेदात सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य प्रत्येकास दिले आहे, आणि २८ व्यात म्हटले आहे की, सरकारमान्य अथवा सरकारी साह्य घेणाऱ्या शाळेत धार्मिक उपासनेस हजर राहण्याची सक्ती कोणावर करता येणार नाही. अज्ञान मुलाच्या बाबतीत पालकाची संमती हवी. म्हणजे आमची छडी बेकायदाही होती. मनुष्याचे मत एक व नेमणूक एक, हे वर म्हटले ते इथे लागू पडते : शिक्षक या नेमणुकीच्या जोरावर आम्ही आमचे मत एका दहा वर्षांच्या मुलावर लादले होते. तो मुलगा पुढे आमच्या वर्गात दोन वर्षे होता. आम्ही त्याची क्षमा मागितली नाही. गुरुजींनी विद्यार्थ्याची क्षमा मागावयाची असते, हे त्या वेळी आम्हांस ठाऊक नव्हते.

न मानणाऱ्यांस महाराष्ट्राने काय काय सोसावयास लावले, याचा पाढा मोठा आहे. कऱ्हाडजवळच्या टेंभूत १८५६ मध्ये जन्मलेल्या गोपाळ गणेश आगरकरांची पुण्यातील सनातन्यांनी जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. १८९५ मध्ये ते गेले तेव्हा स्वतःच्या अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी पुडीत बांधून ठेवले होते. परंतु याच आगरकरांनी घरी आपल्या पत्नीच्या व्रतवैकल्यांस आडकाठी केली नाही, हे तितक्या वेळा सांगितले जात नाही. १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर देवाधर्मास विरोध हा समितीचा कार्यक्रम नव्हे, असे गावोगाव सांगत. त्यांचा विरोध श्रद्धेच्या नावावर होणाऱ्या फसवणुकीस होता. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांस गोळ्या घालण्यात आल्या. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी आपल्या कोल्हापुरात सकाळी फिरून परतणाऱ्या कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर व त्यांच्या पत्नीवर गोळ्या झाडल्या गेल्या. २० तारखेस पानसरे गेले. शाहूंच्या नगरीत हे घडले, हे वाक्य त्या वेळी पुष्कळांनी उच्चारले. आम्हीही उच्चारले, आणि मग आपापल्या कामास लागलो.

आणखी एक प्रसंग कागलच्याच सुपुत्राचा आहे. ‘झोंबी’कार आनंद यादव, १९३५ मध्ये कागलास जन्मलेले, महाबळेश्वरच्या २००९ च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष निवडून आले होते. त्यांच्या ‘संतसूर्य तुकाराम’ या कादंबरीतील चित्रणाने आपल्या भावना दुखावल्याचे वारकरी मंडळींनी सांगितले. यादवांनी क्षमा मागितली, पुस्तक मागे घेतले, तरी वाद शमला नाही. अखेर त्यांनी अध्यक्षपद सोडले व संमेलन अध्यक्षाविना झाले. हे यादव नास्तिक नव्हते. संतांवरील प्रेमानेच त्यांनी लिहिले होते. आम्ही वारकरी असल्याने आमच्या फडातील मंडळींचे दुःख आम्हांस कळत होते. तुकोबांविषयी कोणी वेडेवाकडे लिहिले तर आम्हांसही झोंबते. पण ज्यांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या त्या तुकोबांच्या नावाने आपण एका लेखकाचे पुस्तक बुडवावे, यातली विसंगती आमच्या फडात त्या वर्षी कोणी बोलून दाखवली नाही. आम्हीही नाही.

न मानणाऱ्यांनाही दोन शब्द सांगावयाचे आहेत. ज्या तरुण मुलाने आपल्या दिंडीस तमाशा म्हटले असे सभेत सांगण्यात आले, त्याने ते खरोखर म्हटले असेल तर चुकीचे केले. त्याच्या वडिलांनी ते म्हटले नसते. हे सद्गृहस्थ दरवर्षी पुण्यतिथीस वर्गणी देत. पावतीपुस्तक आमच्याकडे असे, म्हणून आम्हांस माहीत आहे. कीर्तनास ते बसत नसत. मंडपाबाहेर चपलांवर लक्ष ठेवून उभे राहत, आणि म्हणत, तुम्ही सगळे आत निर्धास्त बसा.

पुढील सभेत हा विषय पुन्हा निघेल. तेथे आम्ही यावेळी बोलणार आहोत. ठराव कसा होईल ते सांगता येत नाही. मात्र वस्त्र समाजाच्या निधीतूनच गेले पाहिजे असा काही नियम नाही. एक धोतरजोडी व एक लुगडे आम्ही आणून ठेवले आहे. स्नेहसंमेलनानंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही ते घेऊन त्या घरी जाणार आहोत. बरोबर येऊ इच्छिणाऱ्या ज्ञातिबंधुभगिनींनी सकाळी नऊ वाजता गैबी चौकात यावे. घर तेथून पायी दहा मिनिटांच्या अंतरावर आहे.